वरून दिसलेलं माहेर

मावशी,

आपला वाद अर्धाच राहिला. विमानात डावीकडची खिडकी बरोबर की उजवीकडची, हे तू शेवटपर्यंत मान्य केलं नाहीस. गेल्या दिवाळीत फोनवर मी पुन्हा म्हटलं, गाव डावीकडेच दिसलं, तूच पाहिलंस की. त्यावर तू म्हणालीस, येताना आगगाडीऐवजी विमानाने आलो असतो तर उजवीकडे दिसलं असतं की नाही, तेवढं सांग. मी म्हटलं, असतं. मग झालं तर, असं म्हणून तू फोन ठेवलास. तुझं हे नेहमीचंच. हरायची वेळ आली की रस्ता बदलायचा आणि आपण आधीपासून ह्याच रस्त्यावर होतो असा चेहरा करायचा.

तू गेल्यावर धुळ्याच्या घरी माणसं येत राहिली. सगळे तुझ्याबद्दल बोलत होते आणि मी पाण्याचे पेले भरत होते. तू किती कडक होतीस, किती करायचीस, हे सगळं खरंच होतं, पण मला आठवणारी तू त्यात नव्हतीस. मला कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं. माणसांसमोर माझं तोंड उघडत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

कुठल्या बाजूला बसायचं हे मला आधी तूच शिकवलंस, तेही एसटीत. दरवर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी तू धुळ्याहून जळगावात पिंप्राळ्याला आमच्याकडे यायचीस. रात्र राहायचीस आणि सकाळी मला घेऊन धुळ्याला निघायचीस. आई तिकडे आखाजीसाठी माहेरी, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावी निघालेली असायची. तिला न्यायला मामाने कोणीतरी पाठवलेलं असायचं. मला दोन्हीकडे जायची मुभा होती. मी तुझ्याबरोबर यायचे.

तुझा नियम ठरलेला होता. धुळ्याला जाताना उजवीकडे बसायचं, जळगावला येताना डावीकडे, म्हणजे सावली मिळते. खिडकीतून रुमाल टाकून तू उजवीकडची जागा धरायचीस आणि वर चढून दुसऱ्या कोणी तो रुमाल सरकवला असेल तर त्याच्याकडे नुसती बघत उभी राहायचीस. तो उठायचा. पुढे शाळेत भूगोलाच्या बाईंनी शिकवलं की मे महिन्यात आपल्याकडे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. मी तुला बसमध्ये हळूच सांगितलं की मावशी, ह्या दिवसांत दोन्ही बाजू सारख्याच तापतात. तू म्हणालीस, "तुन्या पुस्तकाले घाम येस का?" आणि पदराने माझा चेहरा पुसलास. त्या दिवशी आपण दोघी उजवीकडे बसून छान भाजून निघालो.

माझ्या इंग्रजी शाळेवर तुझा राग नव्हता, पण ती तुझ्या चेष्टेतून कधी सुटली नाही. पहिल्यांदा एकटी तुझ्याकडे राहिले तेव्हा तू पाणी दिलंस आणि मी सवयीने थँक्यू म्हटलं. तू भांडं माझ्या हातातून परत घेतलंस. थँक्यू कोणाला म्हणतेस, मी काय दुकानदार शे का, म्हणालीस. पुन्हा म्हणालीस तर पाणी मिळणार नाही अशी ताकीदही दिलीस. त्यानंतर मी तुला कधीच थँक्यू म्हटलं नाही. मला दुसरा कोणता शब्द वापरायचा तेही कळलं नाही, त्यामुळे ते राहूनच गेलं. अहिराणी मला सगळी समजायची, पण तोंडातून यायची नाही. माझ्या मैत्रिणी घरी अहिराणी बोलायच्या आणि शाळेच्या फाटकाशी ती उतरवून ठेवायच्या. मी ती कधी चढवलीच नव्हती.

तू आखाजीच्या आदल्या दिवशीच का यायचीस, हे मला फार उशिरा कळलं. तुझ्या गल्लीतल्या बायकांना माहेरी न्यायला त्यांचे भाऊ, भाचे मुऱ्हाळी होऊन त्या दिवशी यायचे. दारात जीप थांबायची, पिशव्या बाहेर यायच्या. तुझ्या दारात कोणी येत नव्हतं. म्हणून तूच घराला कुलूप लावून माझी मुऱ्हाळी व्हायचीस. ज्या बाईला कोणी न्यायला येत नव्हतं ती दुसऱ्याच्या मुलीला न्यायला जायची. मी हे तुला कधी बोलून दाखवलं नाही आणि बरं झालं.

भांडण कशावरून, ते आईने कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं होतं. मामाच्या लग्नात मांडवात जावयांना टॉवेल-टोपी दिली, तेव्हा धाकट्या जावयाचा, म्हणजे माझ्या बाबांचा मान आधी झाला आणि थोरल्याचा, म्हणजे काकांचा राहिला. काकांना त्याचं काही वाटलं नव्हतं, ते तिकडे कोणाशी तरी कापसाच्या भावावर बोलत होते. वाटलं तुला. तू भरल्या पानावरून उठलीस. पुढच्या आखाजीला मामाने तुला आणायला कोणाला पाठवलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग काका गेले, तरी तसंच राहिलं.

मी नोकरीला लागल्यावर जरा धीट झाले होते, निदान तुझ्याशी. मी म्हणायचे, धुळ्याहून शिरपूरला बस आहे, तिथून जीप मिळते, दुपारच्या आत पोचशील. तू म्हणायचीस, बाईने आपणहून माहेरी पाय उचलू नये, न्यायला यावं लागतं. मी म्हणायचे, हे कोणी ठरवलं? तू म्हणायचीस, तुला न्यायला मी येत होते ना, मग? ह्या 'मग'पुढे माझं काही चालायचं नाही.

मग दादाच्या बाळाचं बारसं निघालं. दादा अहमदाबादला, आई आधीच तिकडे गेलेली. त्या वेळी जळगावहून अहमदाबादला सकाळचं विमान होतं. मी आपल्या दोघींची तिकिटं काढली आणि तू पिंप्राळ्याला आल्यावर मोबाइलवर नकाशा उघडून तुला जळगाव ते अहमदाबाद अशी सरळ रेघ दाखवली. रेघ तापी ओलांडून शिरपूरच्या वरून, सातपुड्याच्या पायथ्यावरून जात होती. गाव तिला जवळजवळ चिकटूनच होतं. तू चष्मा पुसलास, फोन हातात घेतलास, बराच वेळ बघितलंस. आणि मग, जणू भाजीत मीठ किती असं विचारावं तसं विचारलंस, "वरतून जावाले मुऱ्हाळी लागस का?"

मी म्हटलं, नाही लागत.

त्या क्षणापासून बारसं बाजूला राहिलं. कुठली सीट, हाच विषय. मी जेवढं वाचून काढलं होतं तेवढं तुला सांगितलं. ह्या छोट्या विमानाचे पंख वर असतात, त्यामुळे खालचं काही झाकलं जात नाही. पण पंख्याच्या आसपास बसायचं नाही, नजरेसमोर तोच फिरत राहतो आणि त्याच्या खाली चाकांचा फुगवटा येतो. मागच्या रांगा चांगल्या. काही सीटा नावाच्याच खिडकीच्या असतात, शेजारी नुसती भिंत येते, त्या टाळायच्या. तू स्थळाची चौकशी करावी तसे प्रश्न विचारत होतीस. काच उघडते का. पुसलेली असते का. गाव यायच्या आधी कोणी पुकारतं का.

रांग ठरली, बाजू ठरेना. माझी रेघ सांगत होती की गाव तिच्या जरा खालच्या अंगाला आहे, म्हणजे जाताना डावीकडे. तू ऐकेनास. तुझं म्हणणं, गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे, जाताना डोंगर उजव्या हाताला, तर गाव डाव्या हाताला कसं जाईल? मी सांगून पाहिलं की सकाळी उजवीकडे ऊन येईल, डोळ्यांवर तिरीप येईल. तू म्हणालीस, येऊ दे. जन्मभर सावली शोधून बसलेल्या बाईने पहिल्यांदा उन्हाची बाजू मागितली. तेव्हा मला कळलं की तुला ते किती हवं आहे.

शेवटी मी एकाच रांगेतल्या दोन टोकाच्या खिडक्या घेतल्या, डावी मला, उजवी तुला. जिला गाव दिसेल तिने हाक मारायची. तू बोट नाचवून मला बजावलंस, हाक मोठ्याने मार, तिथे पुटपुटू नको, मधे दोन माणसं असतील. मी हो म्हटलं. रात्रभर मात्र मी देवाला हेच म्हणत होते की गाव उजवीकडे दिसू दे.

विमान उठलं तेव्हा तू काचेला कपाळ लावून बसली होतीस. तुझ्या शेजारी पेपर वाचणारे एक व्यापारी होते, माझ्या शेजारचे गृहस्थ झोपले होते. खाली गिरणा गेली, मग तापी आली, केळीचे हिरवे चौकोन आणि मधे कापूस काढून मोकळी झालेली काळी वावरं. मी गावाची खूण पाठ करून आले होते. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे, त्रिकोणी, आणि त्याला लागून गोडाऊनची दोन पांढरी छपरं. डोंगर जवळ यायला लागले. तुझ्याकडे ऊन होतं आणि तू हाताचा आडोसा करून बघत होतीस. आणि माझ्या खिडकीच्या पुढच्या कडेला तो त्रिकोण आला.

मी तुला एक गोष्ट सांगितली नाही, मावशी. शाळेत हजेरीच्या वेळी माझा आवाज जायचा नाही म्हणून मी हात वर करायचे. ऑफिसात मीटिंगमध्ये मला बोलायचं असलं तर मी शेजारणीला लिहून देते. त्या विमानात सगळे गप्प होते, फक्त यंत्राची घरघर. तलाव माझ्या काचेच्या मधोमध आला होता आणि मागे सरकायला लागला होता. तू अजून दुसरीकडे बघत होतीस. मला वाटलं, हा गेला तर तुझं गाव गेलं.

"मावशी, आठे ये! आठे शे गाव!"

अहिराणीच आली तोंडातून. का ते मला अजून सांगता येत नाही. पुढच्या रांगांमधली डोकी वळली. तू पट्टा सोडलास, उठलीस, त्या झोपलेल्या गृहस्थांचे गुडघे ओलांडलेस आणि माझ्या अंगावर ओणवी झालीस. मागून हवाई सुंदरी आली, मॅडम, पट्ट्याची खूण अजून चालू आहे, प्लीज बसून घ्या. तू भाजीवालीला थांबवावं तसा तिला मागे न बघता हात केलास. तुझी हनुवटी माझ्या खांद्यावर टेकली होती. मी बोटाने तलाव दाखवला, छपरं दाखवली, त्याच्या खाली मुठीत मावतील एवढी घरं.

तू म्हणालीस, "इतलंसं शे?"

एवढंच. मग तलाव काचेच्या मागच्या कडेपाशी गेला आणि खालून डोंगर सुरू झाले. तू आपल्या जागेवर जाऊन बसलीस आणि पट्टा लावलास. जागे झालेल्या गृहस्थांनी मला हळूच विचारलं, काय होतं? मी म्हटलं, तिचं माहेर. ते बिचारे उठून बसले आणि वाकून बघायला लागले, पण आता नुसता सातपुडा होता.

अहमदाबादला पोचल्यावर तू सगळ्यांना सांगितलंस की ह्या पोरीने विमान डोक्यावर घेतलं. वहिनीला ते खरं वाटेना. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगताना माझा आवाज पुन्हा इतका बारीक झाला की बाळालाही दोनदा सांगावं लागलं, आणि तू मागून म्हणालीस, हिला आधी खिडकी द्या, मग बोलेल. सगळे हसले. मीही हसले. त्या दिवसानंतर घरातलं कोणी मला मुकी म्हटलं नाही. हे तुझ्यामुळे झालं. आता पाणी काढून घेणारी तू नाहीस, तरी तो शब्द मी तुला इथेही म्हणत नाही.

मला खात्री होती की आता तू जाशील. ज्या गावासाठी इतकी वर्षं अडून बसलीस ते एवढंसं आहे हे तू डोळ्यांनी पाहिलं होतंस. त्या वर्षी आखाजी जवळ आली तशी मी फोन केला. म्हटलं, मी रजा काढते, आपण दोघी जाऊ. तू म्हणालीस, दिसलं म्हणजे गेले असं होत नाही. मी बराच वाद घालत राहिले. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मी देखी लिधं. आते त्याले येऊ दे." मला तुझा राग आला होता. तो अजून पूर्ण गेलेला नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये असं म्हणतात, पण मला ते जमत नाहीये.

मामा आला, मावशी. मरणाला बोलावणं लागत नाही ना, म्हणून आला. काखेत माहेरचं लुगडं होतं. धुळ्यात देवपूरच्या तुझ्या घरासमोर तो रस्त्याच्या पलीकडे, शेजाऱ्यांच्या पत्र्याखाली उभा होता. आत येणारी-जाणारी माणसं त्याला ओळखत नव्हती. कडेला उभी असलेली माणसं मला लवकर दिसतात. मी गेले आणि म्हटलं, मामा, आत या. तो म्हणाला, येऊ? तुझ्या धाकट्या भावाने तुझ्या दारात मला असं विचारलं. मी त्याला हात धरून आत आणलं. लुगडं त्याने स्वतः तुझ्या अंगावर घातलं. पदर आईने सरळ केला.

सगळं आटोपल्यावर तो ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसला. आईने त्याला विमानाचं कधीतरी सांगितलेलं होतं. त्याने विचारलं, "अक्काले दिसनं का गाव?" मी म्हटलं, दिसलं. काय म्हणाली, असं विचारल्यावर मी तुझे शब्द तसेच सांगितले. तो मान खाली घालून हसला, आणि हसताहसता त्याचे डोळे भरले. मग आपणहून बोलायला लागला. पहिल्या वर्षी राग होता म्हणून पाठवलं नाही. दुसऱ्या वर्षी राग गेला होता, पण लाज वाटली की गेल्या वर्षी का नाही पाठवलं. पुढे जितकी वर्षं गेली तितकी लाज वाढत गेली. एका आखाजीला तो स्वतः धुळ्याच्या स्टॅण्डपर्यंत आला होता. तिथे उसाचा रस प्यायला आणि मिळेल त्या गाडीने परत गेला. त्याला वाटायचं, मोठी बहीण आहे, एखाद्या दिवशी रागावत का होईना, येऊन दारात उभी राहील.

तू त्याची वाट बघत होतीस आणि तो तुझी. मधे बसने काही तासांचं अंतर.

आता आखाजी आली आहे. आईला न्यायला मामाचा मुलगा येणार आहे, नेहमीसारखा. भाच्यांसाठी मुऱ्हाळी पाठवायची पद्धत नाही आणि मी कधी त्या गावी आखाजीला गेलेही नाही, कारण त्या दिवशी मी तुझ्याबरोबर उजव्या खिडकीत बसलेली असायचे. ह्या वर्षी मला कोणी न्यायला येणार नाही. काल मी रजा टाकली आणि मामाला फोन लावला. फोनवर बोलणं मला माणसांसमोर बोलण्याहूनही अवघड जातं, म्हणून उभं राहूनच बोलले. म्हटलं, मामा, मी आखाजीला येतेय.

तो म्हणाला, ये ना. आईबरोबर येशील? मी म्हटलं, नाही, आईच्या आदल्या दिवशी, एकटी. त्याने विचारलं, मग आणायला कोणाला पाठवू? मी म्हटलं, कोणाला नको. धुळ्याहून बसने शिरपूर, तिथून जीपने. माझी मी येतेय.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "इतलं सोपं व्हतं का, बेटा?"

मी फोन ठेवला नाही. त्यानेही नाही. आम्ही दोघं तसेच, कानाला फोन लावून, तू काहीतरी म्हणशील म्हणून थांबल्यासारखे उभे होतो.